दोन बोटं खाली

नळदुर्गात नवी गाडी आली की आधी ती चढवायची असते. हार-नारळ मागाहून. पहिल्यांदा हायवेच्या कडेला भीमाशंकर मिस्त्रीच्या शेडवर न्यायची, स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी गुटके ठोकून घ्यायचे, की गाडी दोन बोटं वर उचलते. हायवे सोडून गावात शिरल्यावर रस्ता म्हणून जे काही सुरू होतं, त्यावर हा गावाचा इलाज. गुरुजींची गाडी असो, आडत्याची असो, डॉक्टरांची असो, मिस्त्रीच्या शेडमधून बाहेर पडते ती हार घालायला टाचा वर केलेल्या नवरीसारखी.

अशा गावात श्रीपती डायवरनं रिटायर झाल्यावर गाडी घेतली, शेडवर नेली आणि म्हणाला, "मिस्त्री, हिला दोन बोटं खाली बसवायची."

भीमाशंकर ट्रकचे पाटे बसवून आणि मोटारी चढवून म्हातारा होत आलेला माणूस. त्याच्या बोलण्याची एक तऱ्हा होती. वाक्याच्या आधी तो दातांतून हवा सोडायचा, टायरचा व्हॉल्व्ह दाबल्यासारखी, आणि हवा संपत आली की शब्द यायचे.

"स्स्स... खाली?"

"खाली."

"कशावर आदळली का काय?"

"न्हाय. धडधाकट हाय. बसवायची हाय."

"स्स्स... डायवर, बसलेली गाडी उठवायला लोक येत्यात माझ्याकडं. चांगली उभी असलेली बसवायला तुमीच पैले आलाव. तब्येत बरी हाय न्हवं?"

"तब्येतीचं डॉक्टर बघतील. तुमी गाडीचं बोला."

"गाडीचं बोलतो की. तेलाचं चेंबर फुटंल. सायलेन्सर जाईल. आन पैल्याच ब्रेकरवर पोट टेकून अशी डुलत बसंल तराजूगत." त्यानं दोन्ही हात पसरून तराजू करून दाखवला. "मी या हातानं गाडी उतरवणार न्हाय. जलमभर चढवलेल्या गाड्या काय म्हणतील मला?"

गाडी आधीच कुणाच्या समजुतीत बसणारी नव्हती. निळी, जपानी, दोन दारांची आणि दोनच सीटची. पुण्यातल्या कुणा हौशी माणसाची हौस फिटल्यावर ती बाजारात आली होती, आणि श्रीपतीनं फंडाच्या पैशातून ती उचलली होती. भीमनगरच्या गल्लीत ती आली त्या दिवशी लोकांनी तिला चारी बाजूंनी बघून घेतलं. गाडीत बघण्यासारखं तेवढंच होतं.

"डायवर, बाकीची अर्धी कवा येणार?"

"ती पार्सलनं येतीय."

"दोनच सीटा? मंग तुमचा लेक राजपाल कुठं बसणार?"

"राजपालला त्येची हाय की फटफटी."

"अन् बोचकी-बाचकी?"

"बोचकी घेऊन एसटीनं जायचं. लई चांगली गाडी असती."

आपल्या नोकरीवर श्रीपतीनं केलेला हा एवढाच विनोद. नाहीतर सगळी हयात त्यानं इमानानं एसटी हाकली. नळदुर्ग-सोलापूर, नळदुर्ग-उमरगा, कधी अक्कलकोट. एसटीचा डायवर उंचावर बसतो. समोरून येणाऱ्या मोटारींची टपं दिसतात, दुचाकीवाल्यांचे भांग दिसतात. पण एवढ्या उंचीची गाडी वळणावर झुकते. मागं कुणाचा डबा घरंगळतो, कुणाची कोंबडी सुटते, खिडकीशी बसलेल्या बाईच्या पोटात ढवळतं आणि ती तोंड पुसता पुसता डायवरचा उद्धार करते, "अरं हळू की मुडद्या, मढी न्यायलास व्हय?" त्याला मनातून मान्य असायचं. गाडी झुकतीय, हे त्यालाच सगळ्यांत आधी कळायचं, स्टिअरिंगमधून, मनगटात.

असंच एकदा जळकोटच्या पुढं एका लांब वळणावर त्याच्या उजव्या अंगानं एक गाडी गेली. इतकी खाली, की त्याला आधी फक्त आवाज आला आणि मग रंग दिसला. तो आपली गाडी सांभाळत होता, मागं डबे घरंगळत होते, आणि ती मात्र त्याच वळणावरून जमिनीला धरून गेली. तसूभरही झुकली नाही. कंडक्टर म्हणाला, "साप गेला का काय?" घरी आल्यावर श्रीपतीनं बायकोला, पुतळाबाईला, ताटातल्या भाकरीचा तुकडा सरकवत दाखवलं होतं, कशी गेली ते. आणि आमटीची वाटी हलवून दाखवलं होतं, आपण कसे जातो ते.

"वाटी सांडू नका," पुतळाबाई म्हणाली होती.

पुतळाबाईची एक निराळी तक्रार होती. एसटीत डायवरच्या शेजारी सीट नसते. माहेरी जायचं तरी ती नवऱ्याच्याच गाडीतून जायची, पण पासाची भानगड नको म्हणून तिकीट काढून, मागं बायकांच्या सीटवर. "नवरा गाडी हाकतोय, आन मी त्येच्या मानंवरचा घाम बघत बसलेय. लग्नाच्या बाईला ह्येच का दिसायचं?" त्यामुळं निळी गाडी दारात आली तेव्हा तिनं काच, रंग, टायर काही बघितलं नाही. दार उघडून आत डोकं घातलं, डायवरची सीट आणि तिच्या शेजारची सीट दोन्हींवर हात ठेवून बघितले, आणि म्हणाली, "एकाच उंचीच्या हायत."

पहिल्या दिवशी ते फिरायला निघाले, तर गाडी सुरू होऊन जागीच उभी. पुतळाबाई वाट बघतेय, श्रीपती समोर बघतोय.

"अवो, काय झालं?"

"काय न्हाय." मग तो जरा ओशाळला. "बेलची वाट बघत व्हतो."

पुतळाबाईनं बोटातल्या चांदीच्या अंगठीनं समोरच्या फळीवर दोनदा टकटक केलं. गाडी निघाली. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. दोन टकटक म्हणजे चला, एक म्हणजे थांबा, कोथिंबीर घ्यायचीय.

आता हे सगळं सुखात चाललं असताना गाडी आणखी खाली कशाला बसवायची, तर श्रीपतीनं तिला जळकोटच्या त्याच वळणावर नेऊन बघितलं होतं. ती झुकली. थोडीच, पण झुकली. पुण्याच्या माणसानं तिच्या मूळच्या मऊ, उंच स्प्रिंगा तशाच ठेवल्या होत्या. श्रीपतीच्या मनगटाला ते कळलं आणि त्या रात्री त्याला जेवण गोड लागलं नाही.

अडचण एकच होती, आणि ती गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेली असायची.

भीमनगरला जायला वाट एकच. मागं ओढा, पुढं महालिंगप्पाचं सिमेंट, पाईप आणि पाण्याच्या टाक्यांचं दुकान. दुकानापुढं, बरोबर गल्लीच्या तोंडाशी, महालिंगप्पानं स्वतःच्या मनानं एक ब्रेकर घातला होता. गाड्यांची धूळ टाक्यांवर बसते म्हणून. एका पावसाळ्यात गोदामात पाणी शिरून सिमेंटची पोती दगड झाली होती. ती फोडून, चाळून, वाळूत कालवून त्यानं हा ब्रेकर फुकटात उभा केला, आणि फुकटात होतोय म्हणून चांगला वीतभर उंच केला. दोन्ही बाजूंनी पाईपांच्या थप्प्या, त्यामुळं गाडीला तिरकी होऊन जायलाही जागा नाही. रिक्षा त्यावरून देवाचं नाव घेत जायच्या. निळी गाडी कंपनीच्या उंचीवर असतानाच त्यावरून पोट खाजवत जात होती.

एरवी महालिंगप्पा बोलायला गोड माणूस. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि रंगात आला की दोन्ही एका ताटात. गिऱ्हाइकाला ब्रेकर दाखवून म्हणायचा, "नोडप्पा, बघा, आमच्या सिमेंटचा हाय. ट्रॅक्टर जातोय, ट्रक जातोय, खडा हलत न्हाय. हौदल्ला, खरं न्हवं?" गिऱ्हाईक मान हलवायचं, हौदु म्हणायचं आणि पोती लिहून द्यायला सांगायचं.

श्रीपतीचा बेत मिस्त्रीच्या शेडवरून त्याच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही.

"श्रीपती, ये की. गाडी खाली बसवतोयस म्हणं?"

"व्हय."

"बसव. तुझी गाडी हाय. पण माझ्या दारातनं नेणार कशी? उचलून?"

"जशी हाय तशी नेईन."

"तशी जात न्हाय रे." महालिंगप्पा खुर्चीत पुढं सरकला. पाईप घ्यायला आलेली चार माणसं होती, त्यांच्याकडं बघून त्यानं आवाज वाढवला. "माझं ऐक. सोलापुरात ते चावीवालं मिळतंय. नातवानं मोबाइलवर दाखवलं मला. चावी फिरवली की गाडी वर, फिरवली की खाली. ते घे तू. माझ्या दारात आलास की उतरायचं, खाली वाकायचं, चारी चाकांपाशी चावी फिरवायची, गाडी वर करायची, मग जायचं. जातानी वर, येतानी वर. मी हितं बसलेलाच असतोय. चाक चुकलं तर सांगीन."

चौघं हसले. एकजण तर वाकून चावी फिरवायची नक्कल करून मोकळा झाला.

श्रीपतीनं चौघांनाही हसून होऊ दिलं. "ज्या दिवशी खाली बसवून आणीन," तो म्हणाला, "त्या दिवशी ह्याच वाटंनं माझ्या दारापोतर नेईन. न्हाय गेली, तर दारात न नेता तिथनंच माघारी फिरवीन आन इकून टाकीन."

"साक्षीला कोण?"

"हे पाईपवाले."

घरी गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोलून आलोय. पण शब्द त्याच्या आधीच गल्लीत पोचला होता, आणि त्याच्याही आधी राजपालच्या कानावर. राजपाल त्याचा लेक, तुळजापुरात बँकेत क्लार्क. त्याचं बोलणं नेहमी काउंटरच्या पलीकडून आल्यासारखं असायचं, शांत, सुटसुटीत, आणि शेवटी कायम "विचार करा."

"अण्णा, मी तुमच्यासाठी उंच गाडी बघून ठेवली होती. सात सीटची. आपला माणूस वर बसलेला दिसला पाहिजे. आजोबांना महालिंगप्पाच्या त्याच दुकानाच्या ओट्याखाली बसवायचे, हे तुम्हीच मला सांगितलंय. आणि आज तुम्ही स्वतःचे पैसे घालून खाली बसणार. विचार करा."

श्रीपतीनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"माझ्या बापाला बसवलं व्हतं. दुसऱ्यानं. मला कोण बसवतंय? मी बसतोय. माझ्या मनानं, माझ्या गाडीत, माझ्या बायकोच्या शेजारी. फरक दिसतोय का तुला?"

श्रीपतीनं भाकरी परत उचलली.

"आन वर बसून दाखवायचं कुणाला? सगळी नोकरी मी त्या महालिंगप्पाच्या डोक्यावरनं गेलो, एवढ्या उंचीवरनं. त्येनं एकदा तरी मान वर केली का? उंच बसलं म्हणून कुणी बघत न्हाय, बाळा."

मग राजपाल त्याच शांत आवाजात म्हणाला, "मग निदान ते चावीवालं कॉइलओव्हर तरी घ्या. त्यात उंची आपल्या हातात राहते."

"बघू," श्रीपती म्हणाला. कारण खरं सांगायचं तर त्यालाही रात्रभर तेच सुचत होतं.

सोलापुरात कृष्णराजचं दुकान होतं. काचेचं, थंड, आणि आत शिरलं की माणूस आपोआप चपला बघतो, काढाव्यात का. कृष्णराज तिशीतला, केसांना काहीतरी लावलेला, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला 'बेसिकली'चं दार होतं. त्याशिवाय आत जाता यायचं नाही.

"बेसिकली सर, दोन ऑप्शन." त्यानं काउंटरवर आधी लाल स्प्रिंगांची जोडी ठेवली. "या लोअरिंग स्प्रिंग. तुमच्या मूळच्या काढायच्या, या टाकायच्या. आखूड आणि कडक. गाडी जेवढी खाली बसेल तेवढी बसली, मग वर-खाली काही नाही. तुमचे शॉकॲब जुने असतील तर तेही नवे टाका, नाहीतर या त्यांना खाऊन टाकतील." मग त्यानं दोन्ही हातांनी, देवघरातून मूर्ती काढावी तसं दुसरं काढलं. स्प्रिंग आणि शॉकॲब एकातच, आणि अंगभर आटे. "आणि हे बेसिकली कॉइलओव्हर. ही रिंग या चावीनं फिरवा, गाडी वर. उलटी फिरवा, खाली. आणि वरचा हा खटका फिरवला की कडक-मऊ. तुमच्याकडचे रस्ते बघता, सर, बेसिकली डोळे झाकून हे."

श्रीपतीनं डोळे उघडे ठेवून ते हातात घेतलं. जड, गार, गुळगुळीत. खटका फिरवला तर बोटाखाली टक् टक् लागला. सगळी नोकरी ज्यानं डेपोतून मिळेल ती गाडी, मिळेल त्या पाट्यांवर हाकली, त्याच्या हातात आता कडक-मऊ करायचा खटका होता. त्यानं तो पुन्हा फिरवला. आणखी एकदा. पुतळाबाई शेजारी स्टुलावर बसून बघत होती. लेक म्हणतो हे, दुकानदार म्हणतो हे, आणि हाताला विचारलं तर हातही हेच म्हणत होता.

मग कृष्णराजनं ती चावी पुढं केली. वाकड्या नाकाची, हातभर लांब. "ही बेसिकली डिकीतच ठेवायची. कुठं अडचण आली की उतरलं, फिरवलं, निघालं."

श्रीपतीनं चावी घेतली आणि तिच्याकडं बघत राहिला. गल्लीचं तोंड दिसलं, खुर्ची दिसली, वाकून नक्कल करणारा माणूस दिसला.

"ही डिकीत असली," तो सावकाश म्हणाला, "की आज न्हाय तर उद्या मी वाकणार. पाऊस असंल, घाई असंल, हिचे गुडघे दुखत असतील. कायतरी कारण असतंच. चावी हाय म्हणलं की माणूस वाकतो." त्यानं ती काउंटरवर ठेवली. "लाल द्या."

"सर, बेसिकली..."

"बेसिकली लाल," पुतळाबाई म्हणाली.

स्प्रिंगा आणि नवे शॉकॲब बसवून दुपारी ते निघाले. नळदुर्गाच्या अलीकडं श्रीपती थांबला नाही. गाव ओलांडून जळकोटकडं गेला, त्या वळणावर. पुतळाबाईनं मांडीवर पाण्याची बाटली टोपण न लावता धरली होती, स्वतःहूनच. वळण आलं, गेलं. ती बाटलीकडं बघत होती.

"सांडलं न्हाय," ती म्हणाली.

श्रीपतीनं नुसतं नाक ओढलं.

परत येताना तो मिस्त्रीच्या शेडवर वळला. भीमाशंकर गाडीपाशी आला, खाली बघितलं, मग जमिनीवर आडवा झाला आणि त्याला हातसुद्धा खाली घालता येईना.

"स्स्स... केलीच म्हणा."

"केली. आता महालिंगप्पाच्या दारातनं न्यायची हाय. तुमी उतरवणार न्हाय म्हणलाव. पोटाला पत्रा मारणार न्हाय, असं म्हणला न्हवताव."

भीमाशंकरच्या दातांतली हवा या वेळी बराच वेळ सुटत राहिली. मग तो उठला, शेडमागच्या ढिगातून ट्रकच्या मोडक्या पाट्याचे दोन जाड तुकडे आणले, जॅक लावला आणि चेंबरच्या पुढं आडवे कसून टाकले. "पाट्यांनी गाडी आणखी बोटभर खाली आली," पाना पुसत तो म्हणाला. "म्हंजी आता पक्की अडकती. पण चेंबर फुटायचं न्हाय. चला, मी येतो मागनं. असलं परत बघाय मिळायचं न्हाय."

गल्लीच्या तोंडाशी एवढी माणसं होती की निवडणूक आहे का काय वाटावं. महालिंगप्पा खुर्चीत. राजपाल बँकेतून लवकर सुटून आलेला, हेल्मेट अजून हातात. श्रीपतीनं गाडी ब्रेकरपुढं उभी केली, उतरला, ब्रेकरवर एक हात ठेवला, दुसरा गाडीच्या पोटाखाली. हात सपाट करावा लागला.

"मापतोस काय?" महालिंगप्पा म्हणाला. "वर कर की. चावी कुठाय?"

"चावीवालं घेतलं न्हाय."

"म्हंजी? वर होत न्हाय?"

"न्हाय."

"यप्पा. मग जाणार कशी?"

"तेच बघतोय."

गर्दीतली एक बाई म्हणाली, पुतळाबाई, तुमी तरी उतरा, गाडी हलकी हुईल. बरोबरच होतं. घाटात गाडी दमली की श्रीपती स्वतःच मागं वळून ओरडायचा, उतरा, उतरा, जरा हलकं करा. आताही त्यानं सवयीनं तिच्याकडं बघितलं.

पुतळाबाईनं पदर सारखा केला. "मी उतरत न्हाय. जलमभराचं तिकीट काढलंय. मागं बसून." मग खिडकीतून बाहेर बघत ती त्या सूचनावालीला म्हणाली, "आन एवढ्या खाली बसलेय मी या गुडघ्यांनी. उतरले तर परत बसवायला तू येणार हायस का?"

"अण्णा," राजपाल जवळ येऊन हळूच म्हणाला, "अजून फिरता येतं. विचार करा."

"केला."

राजपालनं हातातल्या हेल्मेटकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मग तो ब्रेकर ओलांडून पलीकडं जाऊन उभा राहिला, तोंड गाडीकडं करून, आणि बँकेतला आवाज टाकून स्टँडवरच्या पोऱ्यासारखा ओरडला, "येऊ द्या. येऊ द्या अण्णा. सरळ."

पुढची चाकं चढली, उतरली. मग पोटाखालून असा आवाज आला की पाईपांच्या थप्पीवरची पोरं खाली उतरली. गाडी थांबली.

"बसली," महालिंगप्पा म्हणाला. त्याला फार समाधान झालेलं दिसलं. "सांगितलं व्हतं. हौदल्ला?"

कुणी हौदु म्हणालं नाही. सगळे खाली बघत होते. गाडीच्या पोटाखालून करडी भुकटी गळत होती, गिरणीच्या तोंडातून पीठ यावं तशी. टायरांनी इतके दिवस तो ब्रेकर नुसता दाबला होता. लोखंडाची धार आडवी आजच लागली होती. भीमाशंकर वाकला, एक ढेकूळ उचललं आणि दोन बोटांत चोळलं. ढेकूळ राहिलंच नाही.

"स्स्स... अप्पा, हे तर बेसन हाय."

गर्दीत पाईपवाले होतेच. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, मागच्या महिन्यात स्लॅबला नेलेलं सिमेंट याच दुकानाचं का रे? दुसऱ्याचा चेहरा त्या स्लॅबखाली झोपत असल्यासारखा झाला.

महालिंगप्पा खुर्चीतून उठला. त्या दिवशी, त्या जागी, पहिल्यांदाच. "श्रीपती, थांब. थांब जरा. ते जुन्या पोत्यांचं हाय रे, भिजलेल्या. गिऱ्हाइकाला तसलं देत न्हाय मी." हे त्यानं श्रीपतीला सांगितलं, पण तोंड पाईपवाल्यांकडं होतं. "ए, पाईप बाजूला घ्या रे. सगळे घ्या. तू मागं घे, तिरकी काढ, सावकाश. जागा करून देतो की मी."

इतकी वर्षं रिक्षावाले त्याला हेच म्हणत आले होते, अप्पा, तेवढे पाईप सरकवा. दोन माणसं पाईपांना हात घालायला धावलीसुद्धा. श्रीपतीनं खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. सरळ जाती."

"अरे, ब्रेकर जाईल माझा."

"जशी हाय तशी नेईन म्हणलो व्हतो," श्रीपती म्हणाला. "तिरकी न्हवतो म्हणलो."

त्यानं गाडी हातभर मागं घेतली. गियर टाकला, आणि थांबला. महालिंगप्पाला वाटलं, पटलं याला. राजपालला वाटलं, गाडी बंद पडली. सगळ्यांत एकट्या पुतळाबाईला माहीत होतं तो कशासाठी थांबलाय. तिनं एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा पलीकडं उभ्या असलेल्या लेकाकडं, आणि अंगठीनं फळीवर दोनदा वाजवलं.

गाडी गेली. मध्ये एकदा करकरली, एकदा हिसका बसला, मागं काहीतरी निखळून दगडावर ठणठणलं, आणि ब्रेकरच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढी वाट पडली. राजपाल उलट्या पावली पळत होता, येऊ द्या, येऊ द्या करत, आणि त्याला थांबायचं भान राहिलं नाही. तो घरापर्यंत तसाच उलटा आला.

मागं दुकानापुढं पाईपवाला विचारत होता, "अप्पा, ब्रेकरवालं सोडून दुसऱ्या कुठल्या कंपनीचं हाय का?"

दारापुढं श्रीपतीनं गाडी बंद केली. पुतळाबाईनं एकदाच टकटक केलं, उशीर झाला तरी नियम म्हणून. गल्ली गोळा झाली. कुणी दार उघडायला आलं, तर तिनं आतून धरून ठेवलं.

"उतरायचं न्हाय का?" श्रीपतीनं विचारलं.

"बसा की. स्टॉप आपलाच हाय."

दोघं बसून राहिले, समोर आपलंच घर बघत, गल्लीतल्या शेरडांच्या उंचीवर. लोक खिडकीत वाकून बघत होते. बोलायचं तर त्यांना वाकावंच लागत होतं.

शेवटी भीमाशंकर मागून आला. तो गाडीमागं आडवा झाला, हवा सोडली आणि जमिनीवरूनच बोलला. "डायवर, सायलेन्सर लोंबतोय. शेडवर आणा सकाळी. आन माझं ऐका, आलीच हाय तर गुटके टाकून चढवू का दोन बोटं?"

"सायलेन्सर चढवा," आतून श्रीपती म्हणाला. "गाडी हाय तिथं ऱ्हाऊ द्या."